जसंच्या तसं

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका दिवाणी अर्जात चहाची तक्रार टाईप केली होती. “सबब अर्जदाराची नम्र विनंती आहे की, आज च्या काहून गार हाय, सदर अर्ज मंजूर करण्यात यावा.” टायपिंगच्या क्लासातून नुकतीच बाहेर पडले होते. शॉर्टहँडचा शंभरचा स्पीड होता. कानात पडलं की हातातून उतरायचं, मधे डोकं नावाची वस्तू नव्हती. वकीलसाहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, “अगं ऐकलं का? तुझा च्या कोर्टात गेला!” काकू बाहेर आल्या, त्यांनीही वाचलं आणि दोघं हसत सुटले. मी जरा उशिरा हसले, कारण नोकरी राहिली की गेली ते आधी कळायला हवं होतं.

राहिली. बावीस वर्षं राहिली.

माझं गाव नरसीच्या अलीकडे. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. बारावीनंतर मी हिंगोलीच्या टायपिंग क्लासला नाव घातलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “लिहायचं काम म्हंजे सावलीतलं काम. शिक.” टायपिंगला पोरी भरपूर होत्या, शॉर्टहँडला आम्ही तिघीच. माझी वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा आईला वाटलं मी चेष्टा करते आहे. “हे काय, कागदावर मुंग्या चालवल्या का?” मग मी त्या मुंग्या तिला वाचून दाखवल्या. ती दोन मिनिटांपूर्वी शेजारणीशी जे बोलली होती तेच मी लिहून घेतलं होतं. ती इतकी घाबरली की पुढे महिनाभर तिनं माझ्यासमोर कुणाची उणीदुणी काढली नाहीत.

क्लासचे सर एक वाक्य रोज ऐकवायचे. “साहेब चुकत नसतो. चुकतो तो स्टेनो.” मी ते गाठीला बांधून वकीलसाहेबांच्या घरी आले. ऑफिस म्हणजे घराची समोरची खोली. भिंतभर कायद्याची पुस्तकं, लाल फडक्यात बांधलेली बासनं, एक टेबल, आणि मधे साहेबांना फेऱ्या मारायला मोकळी जागा. बसून त्यांना बोलताच यायचं नाही. सकाळी आठला खिडकीपासून सुरू व्हायचे, कपाटापर्यंत जायचे आणि वळायचे. कपाटाकडे तोंड असलं की आवाज बारीक व्हायचा, म्हणून मी माझी खुर्ची पहिल्याच महिन्यात कपाटाजवळ नेली. दुसऱ्या दिवशी तिथे एक पंखा आला.

त्यांच्याकडे बहुतेक दावे शेताचे असायचे. वाटणी, बांध, विहीर, वाट. ते स्वतः हट्ट्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. कोर्टात एकदम शुद्ध बोलायचे, पण पक्षकार समोर बसला की त्याच्या भाषेवर यायचे. आणि डिक्टेशन देताना दोन्हींची मिसळ व्हायची. साहेबांचं वाक्य औंढ्याला जायला निघायचं आणि वसमतला पोचायचं, वाटेत दोन जुन्या केसेसना भेटून. मी त्याला टाईप करताना सरळ रस्त्याला लावायची. चहाच्या त्या अर्जानंतर मला कुणी शिकवावं लागलं नाही. वहीत मात्र मी सगळं जसंच्या तसं घ्यायची, कारण हाताला ती सवय लागलेली होती. वहीत साहेबांचं बोलणं आणि कागदावर साहेबांचं म्हणणं, अशी माझी वाटणी.

ते मला ‘पोरी’ म्हणायचे. मी तिशी ओलांडली, माझं लग्न झालं, लेकरं झाली, चष्मा लागला, तरी पोरीच. मराठी टाइपरायटर गेला आणि कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी त्याला हार घातला आणि नंतर कधी हात लावला नाही. “ते तुझं, हे माझं,” असं म्हणून आपल्या तोंडाकडे बोट दाखवायचे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते एक परिच्छेद सांगून कपाटापर्यंत गेले, वळले, आणि तोच परिच्छेद पुन्हा सांगितला. शब्दाला शब्द. मला वाटलं जोर देताहेत. मी वहीत दोनदा घेतला, टाईप एकदा केला. आठवड्यानं पुन्हा तसंच झालं. मग एकदा वादीच्या जागी प्रतिवादी. मग एका वारसाच्या अर्जात, जो माणूस मेला म्हणून अर्ज होता, तोच अर्जदार. मी दुरुस्त करत गेले. वाचायला कागद समोर ठेवला की साहेब खूश व्हायचे, लाल पेन बाजूला ठेवून सही करायचे आणि म्हणायचे, “बघ, अजून हात चालतो का न्हाई माझा?” मी म्हणायची, “चालतो की साहेब.” हात माझा चालत होता, पण तेवढं बोलायची काय गरज?

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. कोर्टाला निघताना मी त्यांच्या कोटाच्या खिशात छोटी चिठ्ठी घालायची. कोणतं कोर्ट, कोणती केस, आणि शेवटी दोन शब्द, ‘आपण वादीकडून’. पहिली चिठ्ठी मी चोरासारखी घातली. त्यांना ती सापडली असणार, त्यांनी वापरलीही असणार, पण विषय निघाला नाही. एक दिवस काकू भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, “चिठ्ठीवर मजला पण लिहीत जा. काल वरून खाली, खालून वर करून राहिले व्हते.” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा भाजीकडे पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. एकाच माणसाला आम्ही दोघी दोन बाजूंनी धरून उभ्या होतो आणि त्याबद्दल आपसात चकार शब्द काढत नव्हतो.

हे सगळं मी मायेनं केलं, असं सांगायला मला आवडेल. माया होतीच. पण साहेबांचं ऑफिस बंद झालं तर या वयात मला हिंगोलीत कोण ठेवून घेणार, ही भीतीही तितकीच होती. दोन्ही एकाच वहीत लिहिलं होतं, वेगळं काढता येत नव्हतं.

गेल्या दिवाळीला त्यांचा मुलगा पुण्याहून आला. मुलगा चांगला आहे, वाईट काहीच नाही त्याच्यात. त्यानं वडलांच्या फोनमध्ये काहीतरी बसवलं. आपण बोलायचं आणि मराठीत आपोआप टाईप होतं. “बाबा, आता खुशाल फेऱ्या मारा,” म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, “ताई, तुमचाही त्रास वाचेल.” असा त्रास वाचला की माणूस घरी बसतो, हे त्याला पुण्यात कुणी सांगितलं नसावं. मी ‘हो का’ म्हटलं आणि दोन दिवस फराळाला तोंड लावलं नाही.

साहेबांना मात्र लेकराला नवं खेळणं मिळावं तसं झालं. पण खरं काम त्यावर घ्यायचा योग आला तो संक्रांत झाल्यावर. औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून एक विधवा बाई आली. दहाबारा शेळ्या, दोन मेंढ्या आणि नवऱ्याच्या वाट्याचं थोडकं रान, एवढाच तिचा संसार. सामायिक विहिरीकडे जाणारी वाट पुतण्यानं काट्या टाकून बंद केली होती. खुर्ची दिली तरी ती खाली बसली. “दादा, शेळ्या सकाळधरनं त्या काट्यापाशी जाऊन उभ्या ऱ्हातात. वाट त्यांना ठावं हाय ना. त्यांना मी काय सांगू?” म्हणाली. उन्हाळ्याच्या आत कोर्टानं वाट मोकळी करून दिली नाही तर जनावरं विकावी लागणार होती. ती दुसऱ्या कोणत्या वकिलाकडे जायला तयार नव्हती. तिच्या सासऱ्याचा बांध साहेबांनीच सोडवला होता.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी फोन हातात धरला. “पोरी, आज तू फक्त बघ.” आणि खिडकीपासून सुरू केलं. मी मांडीवर हात ठेवून बसले. साहेब मजेत बोलत होते, आवाज खणखणीत, बऱ्याच दिवसांत असा ऐकला नव्हता. त्यांनी दुसरा परिच्छेद सांगितला. थोड्या वेळानं पुन्हा सांगितला, आणि मग आणखी एकदा. मग जमिनीची चतुःसीमा सांगितली, म्हणजे शेताच्या चारी बाजूंना काय काय आहे ते. माझ्यासमोर त्या बाईच्या शेताचे कागद उघडे होते आणि त्यातलं एकही त्यात येत नव्हतं. माझं बोट साडीवर आपोआप चालत होतं, सगळं लिहून घेत होतं. मी मधे पडले नाही. आज परीक्षा माझी नव्हती.

कागद छापून आला. साहेब टेबलाशी उभे राहून वाचू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लाल पेन निघालं. “हे काय गं? एकच परिच्छेद दोनदा. इथं पुन्हा, तिसऱ्यांदा! बाईला प्रतिवादी करून टाकलं ह्यानं. आन् ही चतुःसीमा कुठली?” पान पान लाल झालं. मग ते एकदम हसायला लागले. कागद टेबलावर टाकला आणि म्हणाले, “आडातच न्हाई तं पोहऱ्यात कुठून येणार? ह्याला डोकंच न्हाई. सांगीन पोराला, घेऊन जा तुझं यंत्र. पोरी, तुझी जागा पक्की. घे वही.”

मला इतका आनंद झाला की त्याची लाजच वाटली.

वही उघडलीही मी. अर्ध्या तासात दावा नीट करून ठेवला असता. कागद बरोबर आहेत, चतुःसीमा पाठ आहे, साहेब सही करतील, बाई अंगठा देईल. पण दावा दाखल झाला की वाट अडवायला मनाई मागणाऱ्या अर्जावर युक्तिवाद व्हायचा होता आणि तो साहेब उभे राहून करणार होते. तिथे त्यांच्या तोंडाच्या आणि न्यायाधीशांच्या कानाच्या मधे मी नव्हते. चिठ्ठीत किती लिहिणार? ते तिथे दुसरंच शेत सांगून येतील, लोक तोंडावर पदर धरून हसतील, आणि त्या बाईच्या शेळ्या काट्यापाशी उभ्याच राहतील. साहेबांनी आयुष्यात कुणाचं पाणी तुटू दिलं नव्हतं. ते आता त्यांच्या हातून तुटणार होतं, त्यांना न कळता, आणि मला कळत असताना.

मी वही मिटली. “साहेब, यंत्र बरोबर हाय.”

“म्हंजे?”

“तुमी बोललात तेच त्यानं लिहिलं. त्यानं काहीच बिघडवलं न्हाई.”

साहेब खुर्चीत बसले. कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांचा आवाज बदलला. हा कोर्टातला आवाज होता, मी तो मागच्या बाकावर बसून शेकडो वेळा ऐकलेला.

“एकच परिच्छेद मी तीन वेळा सांगितला, असं तुमचं म्हणणं आहे?”

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला ‘तुमचं’ म्हटलं. उलटतपासणीत ते सगळ्यांनाच अहो-जाहो करत.

“हो.”

“यापूर्वी असं घडलं आहे?”

“घडलंय.”

“केव्हापासून?”

“तीन वर्षं झाली असतील.”

“आणि आम्ही सह्या केलेले कागद?”

“ते मी नीट करून दिले.”

“पुरावा?”

मी उठले. कपाटाच्या खालच्या खणात माझ्या वह्या होत्या, महिन्यांनुसार लावलेल्या. एक काढली, उघडली आणि वाचू लागले. एका वाटणीच्या दाव्याचं डिक्टेशन होतं. ‘सदर मिळकत वादीची वडिलोपार्जित असून’ इथून सुरू होणारं वाक्य त्यात चार वेळा होतं. मी चारही वेळा वाचलं, त्याच सुरात. हाताखालच्या ओळी सोडायच्या नाहीत असंच शिकवलं होतं मला. मग दुसरी वही. मग तिसरी. साहेब हात मागे बांधून खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यावरून हिंदीत ओरडत कुणी भंगारवाला चालला होता.

मग ते वळले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक साक्षीदाराला शेवटी विचारत. “हे सगळं तुम्ही मागाहून रचलेलं नाही, कशावरून?”

मला राग आला. असा आला की भीतीबिती सगळी पळाली. “रचायचं असतं तं चांगलं रचलं असतं, साहेब. तीन वर्षं दुसरं काय करून राहिले मी?”

टेबलावरचा तो लालेलाल कागद त्यांनी पुन्हा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि हळूहळू मोठ्यानं वाचायला लागले. “चतुःसीमा. पूर्वेस ओढा. पश्चिमेस गायरान. दक्षिणेस जोडचिंचा. उत्तरेस चुलत्याचे...” तिथे थांबले. पुन्हा वाचलं, या वेळी नुसतं ओठ हलवून. कागद खाली आला.

“हे आमचं शेत हाय,” ते म्हणाले.

हट्ट्याकडचं त्यांच्या वडलांचं शेत. साहेब शहरात कायदा शिकत होते तेव्हाच ते विकलं गेलं होतं. बावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून त्या शेताचा एक शब्द ऐकला नव्हता, कुठल्या कागदातही नव्हता. “ह्या जोडचिंचा आता मलाच ठावं. बाप गेला, भाऊ गेले. यंत्राला कोण सांगनार?” त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं. त्यांचा चेहरा रागीट नव्हता. कुणी फार दिवसांनी भेटावं तसा होता, आणि भेट कुठे झाली ते कळल्यावर जशी धास्ती बसेल तशी धास्तीही त्यात होती.

“काहून सांगितलं न्हाईस गं पोरी?”

‘पोरी’ ऐकलं आणि मी रडायला लागले. “भ्याले साहेब.”

“माझ्याला का नोकरीला?”

“दोन्हीला.”

त्यांनी मान हलवली. “बराबर हाय.” खरं उत्तर मिळालं की साक्षीदाराकडे बघून हलवत, तशीच.

काकू दारात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. “तुला बी म्हाईत व्हतं?”

“मोजे जोडीजोडीनं बांधून काहून ठेवत असंल मी?” काकू म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना न लावता तशाच आत निघून गेल्या.

पुढचं सगळं त्यांनी स्वतः केलं. मुलाला बोलावून घेतलं, नांदेडला डॉक्टरकडे जाऊन आले, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला त्यांनी तिकडून आल्या आल्या डिक्टेशनसारखं सांगितलं, म्हणजे विसरायला नको. आणि मग पक्षकारांना पत्रं लिहायला घेतली. मी म्हटलं, एकच मजकूर आहे, नावं बदलून छापते. ते म्हणाले, “न्हाई. प्रत्येकाला सांगायचंय मला. आन् सुधारू नको. बोलतो तसं लिही.” अकरा दिवस आम्ही ते काम केलं. ‘माझी आठवण आता भरवशाची राहिली नाही. आपलं काम माझ्या हातून बिघडू नये, म्हणून आपली फाईल आपल्या स्वाधीन करत आहे.’ काही पत्रांत हे वाक्य एकदाच आलं, काहींत दोनदा, एकात पाच वेळा. मी सगळी तशीच पाठवली. वाचून कुणी हसलं असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. लोक मात्र भेटायला येत राहिले.

शेळ्यावाली बाई फाईल घ्यायलाच तयार नव्हती. “दादा, तुमी इसरले तं मी हाय ना सांगाया. तुमी फकस्त हुबे ऱ्हावा.” साहेबांनी तिला शेवटी हाताला धरून, त्यांच्याकडे पूर्वी ज्युनियर असलेल्या एका वकीलबाईंकडे नेलं. दावा मी टाईप केला, चतुःसीमा त्या शेताचीच. युक्तिवादाच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. काळा कोट त्यांनी घातला नव्हता आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मी माझी वही त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवली. कोर्टानं वाट मोकळी करून द्यायला सांगितलं.

ती बाई ते सांगायला घरी आली तेव्हा साहेब तिला म्हणाले, “कोनती वाट, बाई?” काकूंनी मान खाली घातली. मला वाटलं बाईला वाईट वाटेल. पण ती पाय पसरून ऐसपैस बसली आणि पुतण्यानं काट्या टाकल्यापासूनची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लागली. साहेब मन लावून ऐकत होते. शेळ्या पाण्यावर गेल्या तिथे पोचल्यावर त्यांनी टाळी वाजवली. मग ती म्हणाली, “हे समदं तुमीच केलं, दादा.” मी ते दुरुस्त केलं नाही.

बासनं सगळी गेली, खोली मोकळी झाली. एके सकाळी साहेब म्हणाले, “तुझं काय ठरलं?” मी म्हटलं, एका कंपनीत घरी बसून रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायचं काम आहे, मुलाखती, बैठका, डॉक्टरांचं डिक्टेशन, पण त्यांना दाखला हवा. “वही घे,” म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाय आता थोडे ओढत चालत, पण फेऱ्या मारल्याच. दाखला छोटा होता. किती वर्षं होती, कोणकोणतं काम करायची, स्पीड किती. मग जरा थांबून, “वेळ आली तेव्हा ही खरं बोलली.” मी घेतलं. पुढे सुट्ट्या, वक्तशीरपणा, आणखी काही दोन ओळी. कपाटापाशी ते वळले, माझ्यासमोर थांबले, आणि पुन्हा म्हणाले, “वेळ आली तेव्हा ही खरं बोलली.”

मी वर पाहिलं. मुद्दाम म्हणाले की विसरून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. टाईप करून समोर ठेवलं, त्यांनी बोट लावून ओळ न् ओळ वाचली आणि सही केली.

कंपनीची मुलाखत फोनवर झाली. पलीकडच्या मॅडम तरुण होत्या, आवाजावरून तरी. म्हणाल्या, आमच्याकडे नियम एकच, रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते तसंच लिहायचं, मनानं काही घालायचं किंवा काढायचं नाही. मी हो म्हटलं. मग दाखला बघून म्हणाल्या, “ताई, यात एक वाक्य दोनदा आलंय. टायपिंगची चूक दिसते.”

“चूक न्हाई, मॅडम,” मी म्हणाले. “साहेब दोनदा बोलले.”